पन्नास मागवली, पाचशे आली

आपल्या मॅगझिनच्या मराठी विभागात दरवर्षी एखादं तरी चरित्र असतंच. विश्वेश्वरय्या झाले, टेस्ला झाला, एडिसन तर बहुधा दोनदा झाला. यंदा मी ज्यांच्याबद्दल लिहितोय त्यांनी कुठलं यंत्र शोधलं नाही की कुठलं समीकरण मांडलं नाही. बाईंनी कोंबड्या पाळल्या. हसू नका, पुढे वाचा.

नाव सेसील स्टील. जन्म १९००, मृत्यू १९४०, मुक्काम ओशन व्ह्यू, राज्य डेलावेअर, अमेरिका. पोल्ट्रीच्या धंद्यात हे नाव मोठं आहे, जसं आपल्याकडे डॉ. बी. व्ही. राव यांचं. धंद्याबाहेर मात्र फारसं कुणी घेत नाही. पण रविवारी मेसमध्ये चिकनसाठी जी रांग लागते ना, तिचं दुसरं टोक शोधत गेलात तर ते या बाईंच्या अंगणात निघतं.

मला हे नाव सापडलं ते काकांच्या शेडमुळे. सिन्नरजवळ आमच्या गावी काकांचं पाच हजार पक्ष्यांचं ब्रॉयलरचं शेड आहे. सुट्टीत गावी गेलो आणि नवी बॅच पडलेली असली की रात्रीच्या ब्रूडिंगची ड्युटी माझ्याकडे. लाइट गेली की घरातले सगळे माझ्याकडे बघतात, जणू काही मीच महावितरण! अशाच एका रात्री पिल्लांकडे बघत बसलेलो असताना काकांनी सहज विचारलं होतं की हा उद्योग मुळात काढला कुणी? मला उत्तर येत नव्हतं. मग शोधायला लागलो.

शोधलं की पहिल्यांदा जी गोष्ट हाती लागते ती दोन ओळींची आहे. १९२३ साली एका शेतकऱ्याच्या बायकोने पन्नास पिल्लं मागवली, हॅचरीवाल्याने चुकून पाचशे पाठवली, आणि त्यातून ब्रॉयलर उद्योग जन्माला आला. गोष्ट छान आहे, सांगायला सोपी आहे, आणि माझ्या मते बाईंवर अन्याय करणारी आहे. त्यात सगळं श्रेय त्या एका जादा शून्याला जातं. शून्य हॅचरीवाल्याचं. मग बाईंनी केलं काय?

ते कळायला आधी त्या काळी पिल्लं कशी मागवत हे बघावं लागेल. पत्र लिहायचं, पैसे पाठवायचे आणि पोस्टाची वाट बघायची. खरंच! अमेरिकेत कोंबडीची जिवंत पिल्लं पोस्टाने येत, आणि आजही येतात. तिथली पार्सल पोस्ट सेवा १ जानेवारी १९१३ ला सुरू झाली. सुरुवातीला लोकांनी काय काय पाठवलं विचारू नका. एकदोघांनी तर तिकिटं लावून चक्क आपली लहान पोरं पोस्टमनबरोबर आजीकडे पाठवली, कारण ते रेल्वेच्या तिकिटापेक्षा स्वस्त पडत होतं. पोरं पाठवणं पोस्टाने लवकरच बंद केलं. पिल्लांना मात्र १९१८ साली रीतसर परवानगी मिळाली. अट एकच, बहात्तर तासांच्या आत पोचली पाहिजेत.

हे बहात्तर तास कुठून आले? तर थेट अंड्यातून. कोंबडीचं अंडं एकवीस दिवसांनी फुटतं. त्याच्या एकदोन दिवस आधी पिल्लू उरलेला बलक आपल्या पोटात ओढून घेतं. या शिदोरीवर ते दोन ते तीन दिवस दाणापाण्याशिवाय काढू शकतं. निसर्गाने ही सोय पोस्टखात्यासाठी केलेली नाही. खुडूक कोंबडीखालची सगळी अंडी एकाच वेळी फुटत नाहीत, आणि शेवटचं अंडं फुटेपर्यंत कोंबडी जागची उठत नाही, म्हणून आधी जन्मलेल्यांना थांबता यावं यासाठी हा बॅकअप. हॅचरीवाल्यांनी तो ओळखला आणि त्यावर अख्खा व्यवसाय उभा केला.

पॅकिंगही बघण्यासारखं. पुठ्ठ्याचं खोकं, चारी बाजूंनी भोकं, आत चार कप्पे, एका कप्प्यात पंचवीस पिल्लं. पंचवीसच का? कारण खोक्यात ना दिवा ना शेगडी. पिल्लंच एकमेकांना ऊब देतात. फार कमी असली तर गारठून मरतात, फार जास्त असली तर गुदमरून. थर्मोडायनॅमिक्सच्या पेपरला हे गणित कुणी घातलं तर मी आनंदाने सोडवीन. म्हणूनच पंचवीसच्या खाली ऑर्डर घ्यायची नाही असा पुष्कळ हॅचऱ्यांचा रिवाज होता. खोकं पोस्टात पोचलं की चिवचिवाटाने अख्खं ऑफिस डोक्यावर घेतं, मग पोस्टमास्तर सकाळीच निरोप धाडतो की या बुवा आणि आपला माल घेऊन जा.

मोठ्या हॅचऱ्या उभ्या राहू शकल्या त्या इन्क्युबेटरमुळे. आधी रॉकेलच्या दिव्यावर चालणारी छोटी यंत्रं होती. मग पंख्याने हवा खेळवणारी मोठी आली, आणि १९२२ मध्ये ओहायोतल्या आयरा पीटरसाइमने पूर्ण विजेवर चालणारं यंत्र बनवलं. साडेसदतीस अंशांच्या आसपास तापमान, ठरलेली आर्द्रता, दिवसातून अनेकदा अंडी फिरवणं. थर्ड इयरच्या मिनी प्रोजेक्टला दरवर्षी दोन तरी ग्रुप हेच करतात, फक्त अंड्यांऐवजी एलसीडीवर आकडे उबवतात.

आता ओशन व्ह्यूला जाऊ. डेलावेअर हे अमेरिकेतलं आकाराने शेवटून दुसरं राज्य. त्याच्या दक्षिण टोकाला ससेक्स नावाचा जिल्हा, रेताड जमीन, पलीकडे अटलांटिक महासागर. डेलावेअर, मेरिलँड आणि व्हर्जिनिया या तिघांचे तुकडे मिळून हा द्वीपकल्प बनतो, म्हणून त्याला डेलमार्वा म्हणतात. सेसीलबाईंचे यजमान विल्मर स्टील जवळच्या बेथनी बीचवर कोस्ट गार्डमध्ये नोकरीला. घरी बाई आणि मुलं. घराला जोड म्हणून बाई अंड्यांसाठी थोड्या कोंबड्या पाळत.

हा अंड्यांचा पैसा हे प्रकरण तुम्हाआम्हाला नवीन नाही. माझी आजी गावठी कोंबड्या पाळायची. शेतीचा पैसा आजोबांचा, पण अंड्यांचे सुटे पैसे तिच्या पेटीत. त्यातून आमच्या यात्रेच्या खाऊची सोय व्हायची. अमेरिकेतल्या शेतकरी घरांतही अगदी असंच चालायचं. मोठी पिकं नवऱ्याची, कोंबड्या बायकोच्या. त्यामुळे कोंबड्यांना कुणी गंभीरपणे धंदा समजत नसे. तो बायकांचा वरखर्च होता.

आणि कोंबडीचं मांस? ते निव्वळ बायप्रॉडक्ट. अंडी देऊन थकलेली कोंबडी विकायची किंवा शिजवायची. दरवर्षी वसंतात जुन्या कोंबड्यांच्या जागी नवी पिल्लं आणायची. त्यातली साधारण अर्धी नर निघणार, कारण एक दिवसाच्या पिल्लात नर कोण मादी कोण हे ओळखण्याची जपानी पद्धत अमेरिकेत १९३० च्या दशकात पोचली. हे नर थोडे वाढले की विकून टाकायचे. म्हणजे कोवळं चिकन मिळायचं ते ठरावीक मोसमात, थोडंसं, आणि महाग. अमेरिकेत चिकन हा सणासुदीचा पदार्थ होता म्हटलं तर आज खरं वाटत नाही.

१९२३ साली सेसीलबाईंनी नेहमीप्रमाणे पन्नास पिल्लांची ऑर्डर दिली. हॅचरी जवळच्याच डॅग्सबोरो गावातली. आणि आली पाचशे.

इथे जरा थांबा. तुमच्या दारात पाचशे पिल्लं आली आहेत. चिवचिवाट चालू आहे. जागा पन्नासांची, दाणे पन्नासांचे, ऊब पन्नासांची. बहात्तर तासांतले काही तास आधीच संपलेत. सरळ मार्ग म्हणजे साडेचारशे परत पाठवायची. गावही जवळ. कुणीही तेच केलं असतं. बाईंनी ती ठेवून घेतली.

पहिला मुक्काम पियानोच्या रिकाम्या खोक्यात. मोठं लाकडी खोकं, पियानो ज्यात पॅक होऊन येतो ते. मग गावातल्या लाकडवाल्याकडून एक छोटं शेड बांधून घेतलं, सोळा फूट बाय सोळा फूट. आपल्या हॉस्टेलच्या दोन रूमपेक्षा थोडं मोठं म्हणा. उबेसाठी कोळशाची शेगडी. पहिल्या आठवड्यात पिल्लांना पस्तीस अंशांच्या आसपास तापमान लागतं, मग दर आठवड्याला दोनतीन अंशांनी उतरवत न्यायचं. शेगडीला थर्मोस्टॅट असो नसो, खरा सेन्सर पिल्लंच असतात. शेगडीभोवती एकमेकांवर चढून बसली की थंडी वाजतेय, चोची उघड्या टाकून भिंतीकडे पळाली की उकडतंय, सगळीकडे सारखी पसरून निवांत टिपत असली की सेट पॉइंट बरोबर. हे मला कंट्रोल सिस्टिम्सच्या सरांनी शिकवलं त्याच्या आधी काकांनी शिकवलं. पण काकांच्या शेडला जनरेटर आहे, गॅस ब्रूडर आहे, लसी आहेत. सेसीलबाईंकडे कोळसा होता आणि रात्रीची झोप मोडायची तयारी होती. त्या काळी पांढऱ्या हगवणीसारखे रोग हॅचरीतूनच पिल्लांबरोबर येत आणि कळपच्या कळप साफ करून जात.

पाचशेपैकी तीनशे सत्त्याऐंशी जगली. एकशे तेरा गेली. म्हणजे मर साडेबावीस टक्क्यांच्या वर. काकांची पाच टक्क्यांच्या वर गेली तर घरात दोन दिवस कुणी मोठ्याने बोलत नाही. पण पहिल्यांदाच एवढी पिल्लं एका छपराखाली वाढवणाऱ्यासाठी हा आकडा वाईट नव्हता.

अठरा आठवड्यांनी पक्षी सव्वादोन पौंडांचे झाले, म्हणजे जेमतेम एक किलो. बाईंनी ते जिवंत वजनावर विकले, पौंडाला बासष्ट सेंट. आता कॅल्क्युलेटर काढा. ३८७ गुणिले २.२५, म्हणजे सुमारे ८७० पौंड. गुणिले बासष्ट सेंट, म्हणजे ५४० डॉलरच्या आसपास. खाद्य, कोळसा आणि शेडचा खर्च यातून वजा करायचा, मान्य. पण फोर्डची मॉडेल टी मोटार तेव्हा तीनशे डॉलरच्या आसपास मिळत होती! वरखर्चाच्या पेटीत हे पैसे मावणारे नव्हते.

माझ्या दृष्टीने खरी गोष्ट इथून सुरू होते आणि दोन ओळींची गोष्ट नेमकी इथे संपते. पुढच्या वर्षी, १९२४ मध्ये, बाईंनी एक हजार पिल्लांची ऑर्डर दिली. या वेळी शून्य कुणाचं चुकलेलं नव्हतं. अंड्यांसाठी नाही, केवळ मांसासाठी विकायची म्हणून हजार. आपण लॅबमध्ये एखादं रीडिंग विचित्र आलं की खोडून टाकतो आणि शेजारच्या ग्रुपचं घेतो. बाईंनी विचित्र रीडिंग पुन्हा घेऊन बघितलं, तेही दुप्पट लोडवर. आणि तो तीनशे सत्त्याऐंशीचा आकडा घ्या. तो आज मला लिहिता येतो, कारण कुणीतरी तेव्हा पक्षी मोजले, वजन केलं, भाव लिहून ठेवला. नशिबाने घबाड मिळालेला माणूस मेलेली पिल्लं मोजत बसत नाही.

१९२६ पर्यंत त्यांची क्षमता दहा हजार पक्ष्यांची झाली होती. विल्मरसाहेबांनी कोस्ट गार्डची पक्की सरकारी नोकरी सोडली आणि बायकोच्या धंद्यात आले. (आपल्या घरांमध्ये हे वाक्य मोठ्याने वाचून दाखवा आणि चेहरे बघा.) मदतीला आयझॅक, म्हणजे आइक लाँग नावाचे गृहस्थ होते. त्या काळातला एक फोटो प्रसिद्ध आहे. आइक लाँग आणि स्टील दांपत्याची मुलं उभी आहेत, समोर पांढऱ्या कोंबड्यांचा समुद्र आणि मागे छोट्या छोट्या शेडची रांग. एक मोठी इमारत बांधण्याऐवजी लहान लहान शेडं वाढवत नेलेली. रोग आला तर एका शेडपुरता राहील, आग लागली तर एकच जळेल. याला आज आपण मॉड्यूलर डिझाइन म्हणतो.

शेजाऱ्यांनी हे बघितलं. शेतकरी जगात कुठलाही असो, शेजाऱ्याच्या खिशाकडे त्याचं बारीक लक्ष असतं. १९२८ पर्यंत त्या भागात ब्रॉयलर पाळणारे सुमारे पाचशे जण झाले. एकाच जिल्ह्यात एवढं झपाट्याने हे होण्याला काही कारणं होती आणि ती आपल्या अभ्यासाच्या जवळची आहेत. पहिलं, रस्ता. ड्युपाँट घराण्यातल्या कोलमन ड्युपाँट यांनी राज्याच्या दक्षिण टोकापासून उत्तरेपर्यंत काढलेला महामार्ग १९२४ मध्ये पुरा झाला. सिव्हिलवाल्यांनो, कॉलर ताठ करा. पक्षी ट्रकमध्ये भरले की फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्क टप्प्यात आले, आणि न्यूयॉर्कमधले ज्यू लोक जिवंत कोंबडीचं मोठं गिऱ्हाईक होते, कारण त्यांच्या धर्माप्रमाणे ती त्यांना आपल्याच माणसाकडून कापून घ्यावी लागे. दुसरं, जीवनसत्त्व ड. १९२२ च्या सुमारास ते ओळखलं गेलं आणि कॉडलिव्हर ऑइल खाद्यात मिसळायला सुरुवात झाली. त्याआधी पिल्लं उन्हाशिवाय बंद शेडमध्ये ठेवली की त्यांचे पाय वाकायचे. आता ती हिवाळाभर आत वाढवता येऊ लागली. मोसम संपला. चिकन बारमाही झालं.

म्हणजे रस्ता होता, पोस्ट होतं, हॅचरी होती, जीवनसत्त्व सापडलं होतं. सगळे भाग वर्कशॉपमध्ये पडलेले होते. जोडायला कुणीतरी लागतं.

१९३० चं दशक स्टील कुटुंबाला चांगलं गेलं. विल्मर स्टील राज्याच्या सिनेटवर निवडून गेले. गंमत म्हणजे १९३९ मध्ये डेलावेअरने आपला राज्यपक्षी ठरवला, तो चक्क कोंबडी! ब्लू हेन. त्याचं कारण वेगळं, स्वातंत्र्ययुद्धातल्या सैनिकांच्या झुंजीच्या कोंबड्यांची आठवण, पण योग मात्र जुळून आला. त्याच्या पुढच्या वर्षी, ऑक्टोबर १९४० मध्ये, मेरिलँडच्या ओशन सिटीजवळ समुद्रात त्यांच्या बोटीवर स्फोट झाला आणि त्यात नवरा-बायको दोघेही गेले. सेसीलबाई चाळीस वर्षांच्या होत्या. कोस्ट गार्डमध्ये समुद्र सांभाळलेल्या माणसाचं मरण समुद्रात यावं! लिहिताना हात थोडा थांबला.

त्यानंतरचं सगळं त्यांनी बघितलं नाही. दुसऱ्या महायुद्धात गोमांस आणि डुकराच्या मांसावर रेशनिंग आलं, आणि डेलमार्वातल्या कोंबड्या सरकारने सैन्यासाठी ताब्यात घेतल्या. युद्धानंतर उद्याची कोंबडी कशी असावी यावर देशभर स्पर्धा भरवली गेली. ठिकठिकाणच्या पैदासकारांकडून अंडी मागवली, एकत्र उबवली, सारखंच खाद्य देऊन पिल्लं वाढवली आणि मग परीक्षकांनी कोंबड्या तोलल्या. १९४८ ची अंतिम फेरी डेलावेअरमध्येच झाली, जॉर्जटाउन इथल्या विद्यापीठाच्या शेती संशोधन केंद्रावर. कॅलिफोर्नियाच्या चार्ल्स व्हॅनट्रेसचा कॉर्निश आणि न्यू हॅम्पशायरचा संकर पहिला आला. आज आपण खातो त्या रुंद छातीच्या पक्ष्याच्या घराण्यात हे नाव येतं. सेसीलबाईंचं ते पहिलं शेड पुढे याच केंद्राच्या आवारात आणून ठेवलं आणि १९७४ मध्ये त्याची अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत नोंद झाली. किल्ले, राजवाडे, चर्च आणि एक सोळा बाय सोळाचा खुराडा.

आकड्यांत फरक बघायचा तर असा. सेसीलबाईंना एक किलोच्या पक्ष्यासाठी एकशे सव्वीस दिवस लागले. काकांचा पक्षी चाळीस दिवसांत दोन किलोच्या वर जातो. एक किलो वजन वाढायला अमेरिकेत १९२५ च्या सुमारास साडेचार किलोहून जास्त खाद्य लागायचं, आज दीड-पावणेदोन किलो पुरतं. इंजिनिअर म्हणून हे बघितलं की मान झुकते. एवढी एफिशियन्सी कुठल्या इंजिनची वाढली? पण त्या पक्ष्याकडे बघितलं की तेवढं छान वाटत नाही. शेवटच्या आठवड्यात त्यातल्या काहींना आपलंच वजन पायांवर पेलत नाही. मी चिकन सोडलेलं नाही, उगाच साधुत्वाचा आव आणत नाही. बघितलं ते सांगतोय.

आणि ऑर्डरचं काय झालं? हे मला सगळ्यात जास्त टोचतं. सेसीलबाईंनी पिल्लं स्वतः मागवली. पन्नास हा आकडा त्यांचा, पाचशे ठेवायचा निर्णय त्यांचा, हजाराची ऑर्डर त्यांची. मेली तर त्यांची, विकली तर त्यांची. पण धंदा वाढला तसं चित्र बदललं. आधी खाद्याचे व्यापारी शेतकऱ्याला उधारीवर खाद्य आणि पिल्लं द्यायला लागले, मग करार आले. हॅचरी, खाद्य, औषध, कत्तलखाना सगळं एका कंपनीचं, शेतकऱ्याचं फक्त शेड, लाइट बिल आणि मेहनत. अमेरिकेत १९५० च्या दशकात ही पद्धत पक्की झाली आणि पुढे आपल्याकडेही आली.

माझे काका पिल्लं मागवत नाहीत. पिल्लं येतात. गाडी कधी येणार हे कंपनी सांगते, किती येणार हेही कंपनीच. खोक्यातून मोजून घ्यायची, चाळीसेक दिवस जपायची, लिफ्टिंगची गाडी आली की तोलून द्यायची, मग किलोमागे ठरलेला ग्रोइंग चार्ज मिळतो. बाजारभाव कोसळला तर फटका कंपनीला बसतो, हा करारातला खरा फायदा आहे आणि काका तो मान्य करतात. पण २०२० च्या मार्चमध्ये चिकनमुळे कोरोना होतो अशी अफवा पसरली, भाव मातीमोल झाले, तेव्हा वेगळं बघायला मिळालं. मी शाळेत होतो. आमच्याकडे पुढची बॅच आलीच नाही. शेड झाडून, चुना मारून, तूस पसरून तयार, आणि काका रोज संध्याकाळी रिकाम्या शेडच्या दारात उभे. शेडच्या कर्जाचा हप्ता काही थांबत नव्हता. पन्नास तरी मागवू असं म्हणायची सोयच उरली नव्हती, कारण ऑर्डरचा कागद त्यांच्या हातात कधी नव्हताच.

सेसीलबाईंना हे सांगितलं असतं तर त्यांना कसं वाटलं असतं याचा मी पुष्कळ विचार केला. कदाचित त्यांनी काकांना विचारलं असतं की गावठी कोंबड्या का नाही ठेवत थोड्या? काकूंनी ठेवल्या आहेत. बत्तीस आहेत. पिल्लं आठवडी बाजारातून स्वतः निवडून आणली, आणि अंड्यांचा हिशोब त्यांच्याच वहीत असतो. त्या वहीला घरात कुणी हात लावत नाही.

आता एक शेवटची हकीकत, तीही डेलावेअरचीच. २०२५ च्या एप्रिल-मे महिन्यात पेनसिल्व्हेनियातल्या एका हॅचरीने पोस्टाने पाठवलेली सुमारे बारा हजार पिल्लं डेलावेअरमधल्या पोस्टाच्या केंद्रावर एका ट्रकमध्ये तीन दिवस तशीच राहून गेली. ना दाणा, ना पाणी, आत उकाडा. ट्रक उघडला तेव्हा हजारो मेलेली होती. पोटातली बलकाची शिदोरी किती दिवसांची असते ते वर लिहिलंच आहे. जी वाचली ती तिथल्या एका प्राणी निवारा केंद्राने ताब्यात घेतली. कुत्र्या-मांजरांसाठी असलेली जागा, माणसं मोजकी, आणि एकदम हजारो पिल्लं दारात. त्यांनी खोकी उघडली, पाणी ठेवलं, उबेचे दिवे लावले आणि लोकांना आवाहन केलं की घेऊन जा, पाळा. माणसं आली. कुणी पाच नेली, कुणी दहा नेली. काहींनी मांसासाठी वाढवायला म्हणून मागितली, त्यांना मात्र केंद्राने नाही म्हटलं.